घाट, दम आणि आत्मसंबोधन : हौशी डोंगरी सायकल-शर्यतीतील व्यक्तिविकासाचा भाषिक विचार

१. विषयप्रवेश

खेळाने शरीर सुधारते, हे सर्वमान्य आहे. खेळाने माणूस सुधारतो, हे विधानही वारंवार उच्चारले जाते. परंतु ते तपासून पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. पारितोषिक-समारंभांत ते हमखास ऐकावयास मिळते आणि टाळ्यांबरोबरच विरून जाते. वस्तुतः त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. डोंगर चढताना मिळविलेली चिकाटी डोंगर उतरल्यावर माणसाजवळ उरते काय? उरत असेल तर ती कोणत्या रूपाने उरते? स्नायूंची ताकद सराव सुटताच ओसरू लागते. मग जे टिकते ते काय असते?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार हौशी डोंगरी सायकल-शर्यतीच्या संदर्भात आणि भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. इंग्रजीत ज्या वाहनास 'माउंटन बाइक' म्हणतात, त्यास येथे 'डोंगरी सायकल' असे म्हटले आहे. शर्यतीतील स्वार बहुतेक वेळ एकटा असतो. त्याच्याशी बोलणारे कोणी नसते. म्हणून तो स्वतःशी बोलतो. हे स्वतःशी केलेले बोलणे, म्हणजेच आत्मसंबोधन, हे ह्या खेळातील व्यक्तिविकासाचे एक प्रमुख साधन आहे, आणि शर्यत संपल्यावरही जे मागे राहते त्याचा मोठा भाग ह्याच बोलण्याच्या सवयीचा असतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ह्या विचारासाठी डोंगराच्या कुशीतले एखादे गाव निवडणे सोपे होते. येथे मात्र जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. शहागडला डोंगर नाही. जो डोंगरात जन्मला नाही त्याने डोंगराची शर्यत का धरावी आणि तीतून त्याला काय मिळावे, हा प्रश्न तेथे अधिक टोकदार होतो.

२. खेळाचा पूर्वेतिहास

डोंगरी सायकल ही हौशी लोकांचीच निर्मिती होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या, जड सायकली घेऊन डोंगरातील कच्च्या वाटांनी खाली येऊ लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली वेळ मोजलेली शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरांच्या वाटेत तेराशे फुटांचा उतार होता. ह्या शर्यतीचे नाव 'रीपॅक' असे पडले. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्याच्या तुंब्यातील ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. ह्या पुन्हा भरण्यावरून ते नाव आले. जो ब्रीझ ह्याने १९७७ च्या सुमारास खास ह्या कामासाठी सांगाडा बांधला. गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनी १९७९ साली अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. वीस वर्षांत हौसेचे रूपांतर जागतिक क्रीडाप्रकारात झाले.

महाराष्ट्रात घाटातील सायकल-शर्यतीची परंपरा ह्याहून जुनी आहे, परंतु ती डांबरी सडकेची आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. अलीकडच्या काळात पुण्याहून गोव्याकडे जाणारी दीर्घ पल्ल्याची 'डेक्कन क्लिफहँगर' ही शर्यत हौशी स्वारांत प्रसिद्ध झाली. कच्च्या डोंगरवाटांवर हिमाचल प्रदेशात 'एमटीबी हिमालया' ही अनेक दिवस चालणारी शर्यत भरू लागली. संगमनेरच्या प्रणिता सोमण ह्यांनी राष्ट्रीय पातळीवरील डोंगरी सायकल-शर्यतींत पदके मिळविली आहेत. संगमनेर प्रवरेच्या काठी वसलेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे नदीकाठच्या माणसाला डोंगर परका असतोच असे नाही, हे दिसून येईल.

३. तीन शब्द : हौस, शर्यत, घाट

ह्या खेळाची परिभाषा पाहता तीत दोन थर स्पष्ट दिसतात. वस्तूंची नावे बहुतेक इंग्रजीतून आली : सायकल, चेन, गिअर, ब्रेक, पायडल, टायर, ट्यूब. 'सायकल' हा शब्द मराठीत येताच स्त्रीलिंगी झाला. क्रियेचे आणि अनुभवाचे शब्द मात्र घरचे किंवा फार पूर्वीच घरचे झालेले आहेत : टांग मारणे, हवा भरणे, चढ लागणे, उतार मिळणे, दम लागणे. यंत्र परके असले तरी श्रम आपल्याच भाषेत अनुभवले जातात.

'हौशी' हा शब्द 'हौस' पासून आला, आणि 'हौस' चे मूळ अरबी-फारसी 'हवस' मध्ये आहे. हिंदीत 'हवस' ह्या शब्दाला वासनेची छटा आली; मराठीत 'हौस' प्रसन्न राहिली. लग्नात हौस असते, सणाला हौस असते. हौशी माणूस म्हणजे कच्चा माणूस असा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. परंतु शब्दाचा मूळ रोख कौशल्याच्या उणिवेवर नसून प्रेरणेच्या स्वरूपावर आहे. धंदेवाईक स्वाराला शर्यत सोडली तर उत्पन्न सोडावे लागते. हौशी स्वाराला ती केव्हाही सोडता येते, कोणी जाब विचारीत नाही. म्हणूनच त्याने ती न सोडणे हे सर्वस्वी त्याचे स्वतःचे कृत्य ठरते.

'शर्यत' हे अरबी 'शर्त' ह्या शब्दाचे मराठीत रुळलेले रूप होय. 'शर्त' म्हणजे अट, करार, पैज. धावण्याच्या चढाओढीला हा शब्द लागला तो पैजेच्या अर्थाने. हौशी शर्यतीत पहिल्या तीन क्रमांकांची आशा ज्यांना असते असे स्वार थोडेच. बाकीच्यांची पैज वास्तविक स्वतःशीच लागलेली असते. मागच्या खेपेस जेथे उतरून सायकल ढकलावी लागली तेथे ह्या खेपेस बसून जावे, अशी ती अट असते.

'घाट' हा शब्द शहागडच्या दृष्टीने विशेष मनोरंजक आहे. सह्याद्रीच्या परिसरातील माणसाला घाट म्हटला की डोंगरातील वळणांची वाट दिसते. गोदाकाठच्या माणसाला घाट म्हटला की नदीत उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : वरची पातळी व खालची पातळी ह्यांमधील जाण्यायेण्याची जागा. पायऱ्यांच्या घाटावर तो उतार दहावीस पावलांचा असतो. डोंगराच्या घाटात तो काही किलोमीटरांचा होतो. शिवाय मराठीत 'घाट घालणे' म्हणजे बेत आखणे आणि 'घाट' म्हणजे वस्तूची घडण, हेही अर्थ आहेत. हे सर्व अर्थ व्युत्पत्तीने एकच आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. वापरणाऱ्याच्या मनात ते शेजारी शेजारी नांदतात, एवढेच खरे.

४. सपाटीवरचा सराव

शहागडवरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. ह्याच मार्गाने उत्तरेस छत्रपती संभाजीनगर ओलांडून गेल्यास कन्नडचा घाट लागतो. दक्षिणेस गेवराई व बीड ओलांडल्यावर मांजरसुंब्याजवळ बालाघाटचा चढ लागतो. म्हणजे गाव दोन घाटांच्या मधोमध सपाटीवर वसलेले आहे. महामार्गावरील अवजड वाहनांची आणि हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ पाहता तो सरावाची जागा नव्हे. पैठणजवळचे जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याच्या डाव्या कालव्याने जालना व परभणी जिल्ह्यांत पाणी आणले, आणि अशा कालव्यांच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या वाटा, पाणंदी व शेतरस्ते हीच सपाटीवरील स्वाराची शाळा होऊ शकते.

ह्या शाळेतही डोंगराचे धडे मिळतात. पावसाळ्यात काळी माती टायराला चिकटते, चाक व सांगाडा ह्यांच्यामध्ये गोळा होते आणि चाक जागीच अडते. अशा वेळी जोर करणारा हरतो. उतरून काडीने माती काढणारा पुढे जातो. ज्येष्ठ-आषाढातील पश्चिमेचा वारा हा तर सपाटीवरचा घाटच होय. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणून समोरून वारा असताना थोडासा वेग वाढविण्याचा हट्टही स्वाराला फार महाग पडतो. अंबडला मत्स्योदरी देवीचे मंदिर टेकडीवर आहे. सपाटीवर राहणाऱ्याला तेवढी उंचीही चढ म्हणजे काय हे दाखविण्यास पुरेशी असते.

चढाचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन ३०० मीटर उंचीवर न्यावयाचे असेल तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २ लाख ३५ हजार जूल एवढे काम करावे लागते. हे काम टाळता येत नाही. परंतु ते २० मिनिटांत उरकावयाचे असेल तर सरासरी १९६ वॅट शक्ती लागते. ३० मिनिटांत करावयाचे असेल तर १३१ वॅट पुरतात. घर्षण व वारा ह्यांचा हिशेब ह्यात धरलेला नाही. घाट तोच, काम तेच. बदलतो तो फक्त दर. गिअर म्हणजे हा दर आपल्या कुवतीप्रमाणे ठरविण्याची सोय. नवखा स्वार पायथ्याशी जोरात सुटतो आणि पहिल्या वळणाच्या आत त्याची दमछाक होते. अनुभवी स्वार सुरुवातीस मुद्दाम मागे राहतो. हा संयम त्याला कोठे सापडतो, हे पाहण्यासाठी 'दम' ह्या शब्दाकडे वळणे इष्ट आहे.

५. 'दम' ह्या शब्दाचा संसार

फारसी 'दम' म्हणजे श्वास. संस्कृत 'दम' म्हणजे इंद्रियांचे नियमन. 'शम-दम' ह्या जोडीत तो आढळतो. उगमाने हे दोन शब्द भिन्न आहेत. मराठीत ते एकाच उच्चाराखाली आले आणि त्यांच्या अर्थांचे प्रवाह एकमेकांच्या इतके जवळून वाहू लागले की सामान्य बोलणाऱ्याला त्यांतील सीमा जाणवत नाही.

मराठीतील वाक्प्रचार पाहावे. 'दम लागणे' म्हणजे श्वास अपुरा पडणे. 'दम खाणे' म्हणजे क्षणभर थांबणे. 'दम धरणे' म्हणजे धीर धरणे. 'दमाने घेणे' म्हणजे घाई न करणे. 'दम असणे' म्हणजे सामर्थ्य असणे, आणि 'दम देणे' म्हणजे धाक घालणे. एकाच शब्दात थकवा, विश्रांती, धीर, संथपणा, सामर्थ्य आणि दरारा एवढ्या गोष्टी सामावल्या आहेत. भाषेने जणू आधीच नोंदवून ठेवले आहे की धाप लागणे आणि धीर धरणे ह्या परस्परांपासून दूर असलेल्या अवस्था नव्हेत. पहिली सोसल्यावाचून दुसरीचा परिचय होत नाही.

डोंगरी सायकलीचा नवखा स्वार 'दम लागला' ह्या वाक्याने सुरुवात करतो. ह्या वाक्यात दम कर्ता आहे आणि स्वार केवळ भोगणारा. पुढे तो 'दम खाल्ला' असे म्हणू लागतो. येथे स्वार कर्ता झाला. त्याही पुढे 'दमाने घेतले' असे म्हणण्याची पायरी येते. येथे दम हे साधन झाले. ह्या तीन वाक्यांतील विभक्तींचा प्रवास हाच खेळातील शिक्षणाचाही प्रवास आहे. अर्थात विभक्ती बदलली म्हणून फुप्फुसे बदलत नाहीत. फुप्फुसांची आणि पायांची तयारी आधी होते; भाषा त्या तयारीला नाव देते, आणि नाव मिळालेली गोष्ट पुन्हा हवी तेव्हा हाताशी येते.

६. स्वतःशी बोलणे

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की ह्यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'विचार आणि भाषा' ह्या ग्रंथात असे दाखविले की लहान मूल अवघड काम करताना मोठ्याने स्वतःशी बोलते. पुढे हेच बोलणे आत वळते आणि प्रौढांचे अंतर्भाषण बनते. ह्या अंतर्भाषणाचे व्याकरण संक्षिप्त असते. त्यात कर्ता गळतो, क्रियापद उरते. मराठीस हे विशेष सोयीचे आहे, कारण क्रियापदाच्या रूपातच पुरुष व पुष्कळदा लिंगही दिसते. चढावरील स्वाराच्या तोंडी 'चल', 'रेट', 'आलंच' असे एकेका शब्दाचे वाक्य येते ते ह्यामुळेच.

ह्या बोलण्याचा शरीरावर परिणाम होतो काय, हे सायकलीवरच तपासले गेले आहे. ब्लँचफील्ड, मार्कोरा व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ व्यक्तींना प्रयोगशाळेतील सायकल पूर्ण थकवा येईपर्यंत चालविण्यास सांगितले. निम्म्यांना दोन आठवडे स्वतःस उत्तेजन देणारी वाक्ये निवडून वापरण्याचा सराव देण्यात आला. दुसऱ्या चाचणीत ह्या गटाचा सरासरी काळ ६३७ सेकंदांवरून ७५१ सेकंदांवर गेला. दुसऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही. तेवढ्याच श्रमात कष्टाची जाणीवही कमी झाली. हार्डी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१९ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. दहा किलोमीटरांच्या चाचणीत स्वारांनी एकदा 'मी' असे म्हणून आणि एकदा 'तू' असे म्हणून स्वतःस उत्तेजन दिले; 'तू' म्हटल्यावर त्यांचा वेळ सुधारला. अमेरिकेतील ईथन क्रॉस ह्यांच्या २०१४ मधील संशोधनातही असे आढळले की ताणाच्या प्रसंगी स्वतःस नावाने किंवा द्वितीय पुरुषाने संबोधणाऱ्यास प्रसंगापासून थोडे दूर उभे राहून विचार करता येतो.

मराठी वाचकाला ह्यात नवल वाटू नये. स्वतःच्या मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत मराठी काव्यात जुनी आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, म्हणजे अंबडच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. त्यांचे 'मनाचे श्लोक' २०५ असून ते मनाला उद्देशून रचलेले आहेत. त्या रचनेचे प्रयोजन पारमार्थिक आहे आणि सायकल-शर्यतीशी तिची तुलना करणे अप्रस्तुत ठरेल. परंतु बोलणारा एक आणि ऐकणारे त्याचेच मन, ही तिची संबोधनाची रचना येथे लक्षात घेण्यासारखी आहे. मराठवाड्यातील कोणाही माणसाच्या कानावर ही रचना लहानपणापासून पडलेली असते.

ह्या संबोधनात मराठीची काही खास साधने आहेत. पहिले, 'रे' आणि 'गं' ही संबोधनाची अव्यये. पुरुष स्वतःस 'चल रे गड्या' म्हणेल; स्त्री 'चल गं बाई' म्हणेल. म्हणजे दुसरा कल्पितानाही त्याच्याशी असलेले नाते मैत्रीचे आहे हे भाषाच ठरवून टाकते. आपण स्वतःस सहसा 'अहो' म्हणत नाही. दुसरे, भूतकाळाचा भावी अर्थाने वापर. हाक आली म्हणजे मराठी माणूस घरातून न हलताच 'आलो, आलो' म्हणतो. त्याच रीतीने माथा शंभर पावले दूर असताना स्वार 'आला माथा' म्हणतो. जे व्हावयाचे आहे ते झाल्यासारखे बोलण्याची ही सोय निव्वळ थाप नसते. घटना इतकी नजीक आहे की ती झालेलीच धरावी, असा तिचा अर्थ असतो. म्हणूनच ती पायथ्याशी वापरली तर हास्यास्पद होते आणि शेवटच्या वळणावर वापरली तर बळ देते. तिसरे, निषेधार्थी 'नको'. उतारावरील स्वार 'पडू नकोस' असे स्वतःस बजावतो तेव्हा मनात पडण्याचेच चित्र उभे राहते. १९८७ साली डॅनियल वेग्नर ह्यांनी प्रयोगाने दाखविले की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांना तोच विचार पुन्हा पुन्हा येतो. नजर खड्ड्यावर खिळली की चाकही खड्ड्याकडेच जाते, हा उतारावरील सर्वांचा अनुभव आहे. त्यामुळे जाणते स्वार निषेधाऐवजी विधी वापरतात : 'वळणापलीकडे बघ', 'ब्रेक हलका धर', 'कोपर सैल ठेव'.

७. अपयशाचे व्याकरण

व्यक्तिविकासाची खरी कसोटी अपयशाच्या वेळी लागते. डोंगरी शर्यतीत पडणे, चेन तुटणे, ट्यूब फुटणे, शर्यत अर्धी सोडावी लागणे ह्या नित्याच्या गोष्टी आहेत. त्यांविषयी स्वार नंतर कोणत्या वाक्यात बोलतो हे महत्त्वाचे आहे.

'मला चढ जमत नाही' आणि 'मला आज चढ जमला नाही' ही दोन वाक्ये घेऊ. पहिल्यात नित्यवर्तमान आहे. ते एका सकाळच्या अनुभवावरून सबंध आयुष्याविषयी निर्णय देते. दुसऱ्यात भूतकाळ आहे. ते एका दिवसापुरते बोलते आणि उद्याची वाट मोकळी ठेवते. तसेच, 'सायकल घसरली' ह्या वाक्यात स्वार नाही. 'मी वळणात उशिरा ब्रेक दाबला' ह्या वाक्यात तो आहे. पहिले वाक्य मनाला बरे वाटते, पण त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. दुसरे बोचते, पण पुढच्या वेळी काय करावयाचे ते सांगते. सर्व दोष स्वतःवर घेणे हेही सत्याला धरून नसते; कधी सायकल खरोखरच घसरते. नेमके काय घडले ते सांगणारे वाक्य शोधणे हीच येथे साधना आहे.

मूळचे बेंगळुरूचे, परंतु सैनिकी सेवेमुळे नाशिकच्या सायकलपटूंत वावरलेले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. अमेरिका खंड आडवा पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने पुरी करण्याचा त्यांचा २०१६ मधील प्रयत्न अपुरा राहिला. २०१७ साली त्यांनी ती ठरलेल्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीही ती एकट्याने पुरी केली. त्याआधी २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी दोघांच्या संघाने ती पार केली होती. ह्या शर्यती डोंगरी वाटेच्या नसून सडकेच्या आहेत; परंतु हे सर्व स्वार व्यवसायाने वैद्यकीय क्षेत्रातले, म्हणजे सायकलीपुरते हौशी आहेत, ही गोष्ट प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे.

८. एकटेपणा आणि सोबत

स्वार स्वतःशी बोलतो हे खरे, तरी तो सर्वस्वी एकटा नसतो. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट ह्यांनी अमेरिकेतील सायकल-शर्यतींच्या नोंदी तपासून दाखविले की एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबतीने किंवा चढाओढीने जाणारा स्वार अधिक वेगाने जातो. सामाजिक मानसशास्त्रातील आरंभीच्या प्रयोगांत ह्या अभ्यासाची गणना होते. पुढे १९७७ साली अल्बर्ट बांडुरा ह्यांनी माणसाचा स्वतःच्या कर्तबगारीवरील विश्वास चार गोष्टींतून घडतो असे मांडले : स्वतः केलेली कृती, आपल्यासारख्या दुसऱ्याची पाहिलेली कृती, दुसऱ्याचे उत्तेजनाचे शब्द आणि स्वतःच्या शरीराच्या खुणांचा लावलेला अर्थ. हौशी शर्यत ह्या चारही गोष्टी एका सकाळी पुरविते. चढ चढता येतो. आपल्याच वयाचा, आपल्याच ताकदीचा माणूस पुढे जाताना दिसतो. वळणावर उभे असलेले लोक ओरडून धीर देतात. आणि छातीतील धडधड ही भीती नसून श्रमाची खूण आहे, हे कळू लागते. वळणावरच्या लोकांचे शब्दच काही दिवसांनी स्वाराचे अंतर्भाषण होतात. बाहेरचे बोलणे आत जाण्याचा जो क्रम विगॉट्स्कींनी बालकाविषयी सांगितला, तो येथे प्रौढपणीही चालू राहिलेला दिसतो.

ह्यावरून सोबत्यांची जबाबदारीही निश्चित होते. जो संघ मागे पडणाऱ्यास हिणवितो, तो त्याच्या मनात हिणविणारा आवाज बसवून देतो. पडलेल्या स्वाराजवळ थांबून चौकशी करण्याचा सभ्य संकेत पाळला जातो तेथे निराळाच आवाज मनात शिरतो.

९. मर्यादा

आत्मसंबोधनाचे हे सामर्थ्य धोक्याचेही आहे. जे बोलणे थकव्यावर मात करू शकते ते इशाऱ्यावरही मात करू शकते. दम लागणे निराळे. छातीत दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे, कडक उन्हात घाम एकाएकी थांबणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे निराळे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. अशा दिवशी 'थांबू नकोस' हे वाक्य शौर्याचे नसून अविचाराचे असते. ज्याला स्वतःस केवळ 'चल' म्हणता येते त्याचे शिक्षण अर्धेच झाले आहे. योग्य वेळी 'थांब' म्हणता येणे, आणि ते म्हटल्यावर स्वतःस भ्याड न ठरविणे, हे त्या शिक्षणाचे दुसरे अर्ध आहे. 'दम खाणे' हा वाक्प्रचार मराठीत कमीपणाचा नाही, हे येथे स्मरणात ठेवावे.

दुसरी मर्यादा अशी की खेळातील गुण आपोआप संसारात उतरत नाहीत. घाटात धीर धरणारा स्वार घरी क्षुल्लक कारणावरून संतापू शकतो. चढावर शिकलेले वाक्य दुसऱ्या प्रसंगी आठवले तरच त्याचा उपयोग. आणि आठवण्यासाठी ते आधी स्पष्ट शब्दांत बांधलेले असावे लागते. शर्यतीनंतर दोन ओळींची का होईना, नोंद ठेवण्याची सवय ह्या दृष्टीने लाभदायक आहे. कोठे दम लागला, तेव्हा स्वतःस काय म्हटले, त्याचा काय परिणाम झाला, एवढे लिहिले तरी पुरे. काही महिन्यांनी त्या नोंदी वाचताना स्वाराला आपले पायच नव्हे, तर आपली वाक्येही बदललेली दिसतील.

१०. उपसंहार

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. डोंगर उतरल्यावर स्वाराजवळ जे उरते त्यात स्नायूंचा वाटा काही आठवड्यांचा असतो; स्वतःशी बोलण्याच्या बदललेल्या रीतीचा वाटा अधिक टिकाऊ असतो, मात्र ती रीत जाणीवपूर्वक जपली तर. 'जमत नाही' च्या जागी 'अजून जमले नाही', 'पडू नकोस' च्या जागी 'पुढे बघ', 'दम लागला' च्या जागी 'दमाने घे' असे बदल कागदावर क्षुल्लक दिसतात. त्यांतील प्रत्येकाची किंमत मात्र स्वाराने कोठल्या तरी वळणावर घाम गाळून मोजलेली असते.

शहागडच्या एखाद्या तरुणाला कन्नडचा किंवा मांजरसुंब्याचा घाट वर्षातून एकदोनदाच गाठता येईल. उरलेले दिवस त्याच्या वाट्याला कालव्याची वाट, काळी माती आणि समोरचा वारा येतील. परंतु हे सर्व शिक्षण तेथेही होऊ शकते, कारण त्याला लागणारी मुख्य सामग्री, म्हणजे श्रम, सोबत आणि आपली भाषा, गावातच उपलब्ध आहे. महागडी सायकल नसली तरी ह्या अभ्यासाचा आरंभ अडत नाही. साधी सायकल, डोक्यावर शिरस्त्राण, सोबतीला एखादा मित्र आणि पावसाने धुतलेली एखादी पाणंद एवढ्यावर तो उद्याच्या सकाळीही करता येईल.